बाईंना विचारा : दारावरचा कावळा

प्रश्न : बाई, माझी मुलगी बारावीला आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिने काळा कुर्ता घालून एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कवी-कथाकाराची ‘द रेव्हन’ ही कविता म्हटली. त्याआधी महिनाभर घरात तोच घोष चालला होता. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, “दिवेलागणीला कावळ्याचं काय घेऊन बसलीस?” एवढी जुनी, परक्या मुलखातली कविता या मुलांना का धरून ठेवते? आणि ती मराठीत येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कावळा म्हटल्यावर त्यांच्या मनात जे चर्रकन आलं, तिथेच कविता आहे. नातीने आजीलाच विचारायला हवं होतं.

गोष्ट एवढीशीच. डिसेंबरातली मध्यरात्र. लिनोर नावाची प्रिया गेलेली आणि एक माणूस पुस्तकांत डोकं खुपसून बसलेला. खिडकीतून रेव्हन आत येतो आणि दारावरच्या पॅलस देवीच्या अर्धपुतळ्यावर ठाण मांडतो. आपण त्याला डोमकावळा म्हणून मोकळे होतो, पण हा त्याहून थोराड, जवळजवळ घारीएवढा. ठाण्यात दिसत नाही. याला शब्द येतो एकच, ‘नेव्हरमोअर’, म्हणजे पुन्हा कधीच नाही. माणूस आधी गमतीत त्याचं नाव विचारतो. मग त्याला राहवत नाही. या दुःखावर काही औषध आहे का? परलोकात तरी ती भेटेल का? उत्तर काय येणार ते त्याला पाठ झालेलं असतं, तरी विचारतो.

न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मिरर’मध्ये २९ जानेवारी १८४५ रोजी ही कविता आली आणि पो रातोरात गाजले. पैसा मात्र फारसा दिसला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आपण ती कशी रचली यावर एक निबंध लिहिला. आधी पोपट घ्यायचा विचार होता, असं त्यात आहे! लांबवता येणारा ‘ओ’ आणि त्याला ‘र’ची साथ, म्हणून ‘नेव्हरमोअर’ हा शब्द निवडला, असंही आहे. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सर्वांत काव्यमय विषय, हे त्यातलंच. हे शेवटचं मला कधी पटलं नाही. त्या वेळी त्यांची बायको व्हर्जिनिया घरात क्षयाने खोकत होती. जानेवारी १८४७ मध्ये ती गेली. तो सगळा निबंधच मला थोडा शेखी मिरवणारा वाटतो, जेवण उत्तम झाल्यावर मागाहून कृती सांगावी तसा. पण आवाजाबद्दल ते खरं बोलतात. वर्गात मी पहिलं कडवं अर्थ न सांगता म्हणायचे आणि मुलांना बाकावर ठेका धरायला लावायचे, एक जड, एक हलका, असे आठ. तिसऱ्या ओळीला मागचा बाकसुद्धा गप्प होऊन ठोकायला लागायचा. तुमच्या मुलीला आधी हेच लागलं असणार. अर्थ मागून येतो, कधी कधी बराच मागून.

माझं सांगते. ठाण्यातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं मी ही कविता शिकवली आणि ती समजली आमच्या ह्यांच्या दहाव्याला. खाडीकाठी पिंड मांडला होता. तिवरांवर पाच-सहा कावळे. एक खाली आला, पत्रावळीपासून हातभर अंतरावर मान वाकडी करून बसला, आणि बसूनच राहिला. मग सुरू झालं. दीर म्हणाले, “दादा, वहिनींकडे आम्ही बघू.” मुलगा म्हणाला, “बाबा, कर्ज मी फेडतो.” कावळा ढिम्म. मी मनात काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही. पाऊण तास झाला, ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिवला. तो खरा कावळा तोवर तिथेच होता. पत्रावळीकडे नाही, माझ्याकडे बघत होता, असं मला आजही वाटतं. कावळ्याला काही कळत नाही हे मला ठाऊक होतं. पो यांच्या माणसालाही ठाऊक असतं. कुणा धन्याकडून पक्षी एवढा एकच शब्द शिकला असेल, असं तो स्वतःच म्हणतो. तरी आपण विचारतोच.

आपल्याकडे हे विचारणं फार जुनं. ‘पैल तो गे काऊ’मध्ये ज्ञानेश्वरांची विरहिणी कावळ्याला शकुन विचारते, पाय सोन्याने मढवते म्हणते. तिचा पाहुणा पंढरीहून यायचा आहे, म्हणून तिच्या कावळ्याकडे सांगण्यासारखं काही असतं. पो यांच्या कावळ्याकडे काही नाही.

आता मराठीचं. ‘कधीच नाही’ घेतलं तर शेवटचा ‘ही’ किरटा होतो, डोमकावळ्याच्या गळ्यातून येत नाही. ‘पुन्हा नाही’चं तेच. शिवाय लिनोरशी यमक जुळतं ते हातचं जातं. एकदा वर्गात मी हा प्रश्न टाकला. कळव्याहून येणारी एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “बाई, ‘आता कुठलं!’” वर्ग हसला. मी नाही हसले. ती भेटेल का? आता कुठलं. हे विसरेन का? आता कुठलं. ‘ओ’ नाही, ‘र’ नाही, पण आपल्या घरात हे उत्तर ज्या सुरात देतात तो सूर त्यात आहे. इंग्रजीत पुरता शोक आहे; हिच्या मराठीत थोडा टोमणाही आला. मला चालेल.

प्रश्न : पो दारू पिऊन लिहायचे म्हणे. अशा माणसाचं लेखन मुलांच्या हाती का द्यावं?
– एक पालक, चरई, ठाणे

उत्तर : प्यायचे, आणि त्यांना सोसायची नाही. पण वेडसर, व्यसनी, नीतिभ्रष्ट पो हे चित्र पुष्कळसं रूफस ग्रिसवोल्ड या गृहस्थांचं. ७ ऑक्टोबर १८४९ ला चाळिसाव्या वर्षी पो बाल्टिमोरमध्ये गेले. दोनच दिवसांनी ग्रिसवोल्डनी ‘लुडविग’ या टोपणनावाने जळजळीत मृत्युलेख छापला. पुढे पो यांच्या लेखनाचे संपादक तेच झाले आणि पत्रांत फेरफारही त्यांनीच केले. ज्याच्याशी वाकडं त्याच्याच हाती कपाटाची किल्ली! गंमत अशी की त्या बदनामीने वाचक वाढलेच. फ्रान्समध्ये कवी बोदलेअर यांनी वर्षानुवर्षं खपून पो यांच्या कथांची भाषांतरं केली. कवी मालार्मे यांनी रेव्हन फ्रेंचमध्ये नेला, १८७५ मध्ये, फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या चित्रांसह. जपानमध्ये एका रहस्यकथाकाराने एदोगावा राम्पो असं टोपणनाव घेतलं. भरभर म्हणून बघा, कुणाचं नाव ऐकू येतं. बाल्टिमोरच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नावच या कवितेवरून ‘रेव्हन्स’. आणि तुमच्या घरात शेरलॉक होम्स असेलच. त्याच्या पहिल्याच कादंबरीत वॉटसन त्याची तुलना पो यांच्या कथांतल्या द्युपँ या गुप्तहेराशी करतो, तर होम्स द्युपँला हलक्यात काढतो. धाकट्याने थोरल्याला नावं ठेवावीत तसं. द्युपँ १८४१ चा, होम्स १८८७ चा.

दारूबद्दल मुलांना खुशाल सांगा. पुस्तक काढून घेऊ नका.

प्रश्न : माझं इंग्रजी बेताचं आहे. पो कुठून सुरू करू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : रेव्हनपासून नको. ‘अ‍ॅनाबेल ली’ घ्या, शब्द सोपे आहेत. कथा हवी असेल तर ‘द टेल-टेल हार्ट’, धडधडणाऱ्या काळजाची. कोपरखैरण्याला गाडीत बसलात तर ठाणे येईपर्यंत संपते. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, पण शेजारच्याच्या छातीकडे बघत बसू नका.