अपघातानंतर डॉक्टर ग्रुप थेरपी सुचवत आहेत. अनोळखी लोकांसमोर रडून खरंच फरक पडतो का?

रडावं लागतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी सोळा आठवडे गेलो, एकदाही रडलो नाही.

प्रश्न वाचून वाटलं, माझा थोरला भाऊच विचारतोय. गेली सहा वर्षं त्याचं एकच पालुपद: "ते रिंगण करून बसायचं झालंय आपलं. तवा काय फरक पडला?"

रिंगण झालं होतं हे खरं. आम्ही किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक उशिरा आडवे झालेले. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं, ते सगळं अंगावर आलं. मी अकरा वर्षांचा, दादा पंधराचा. आम्ही दाराजवळ झोपलो होतो म्हणून वाचलो. कडी अडकली होती. ती कशी काढली हे दादाला आजही सांगता येत नाही. आजी आणि धाकटी बहीण आत राहिल्या.

महिन्याभराने पत्र्याच्या शेडमध्ये शहरातून काही ताई-दादा आले. कुठली संस्था ते सोडा, हेतू चांगलाच होता. वीसेक पोरं गोल बसवली आणि एकेकाने उठून काय पाहिलं ते सांगायचं. मी कोणाचं ऐकतच नव्हतो, माझा नंबर किती लांब आहे ते मोजत होतो. हातात दिलेल्या बिस्किटांच्या पुड्याचा आतल्या आत भुगा झाला होता. मग दादा उठला. बहिणीचा हात ढिगाऱ्याबाहेर दिसत होता, हे त्याने सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. महिनाभर त्याने माझ्यापासून जपलेली गोष्ट मला वीस पोरांसोबत कळली. धीटपणे बोलला म्हणून टाळ्या वाजल्या. नंतर एक गाणं झालं, माणसं संध्याकाळच्या एसटीने गेली, ती गेलीच. दादा त्यानंतर त्या विषयावर बोललेला नाही.

त्याला कितीदा सांगितलं, अरे, ती ग्रुप थेरपी नव्हती. त्याच जातीचा प्रकार अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३मध्ये मांडला होता, तोही आग विझवणारे, अ‍ॅम्ब्युलन्सवाले यांच्यासाठी: बैठक घ्या, घडलेलं बोलून टाका, पुढचा त्रास टळेल. टळत नाही. उपचारांचे निकष ठरवणारी ब्रिटनची 'नाइस' ही संस्था आता स्पष्टच सांगते की आघाताच्या त्रासावर असल्या बैठका देऊ नका.

मी पुण्यात गेलो तो ग्रुप सात जणांचा. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञ बाई दोनदा एकट्याला भेटल्या. दुसऱ्या आठवड्यानंतर नवीन माणूस घेतला नाही. पहिले चार-पाच आठवडे "काय झालं होतं?" हा प्रश्नच नाही. झोप कशी आहे, दचकल्यावर काय करायचं, पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या वस्तू मोजायच्या, एवढंच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये हाच क्रम सांगितला: आधी सुरक्षित वाटणं, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. शेडमध्ये आमची सुरुवात मधूनच झाली, तीही डोक्यावर घर नसताना.

तिसऱ्या आठवड्यात मी सहज बोलून गेलो की बायको रात्री दाराला कडी लावते आणि ती झोपली की मी उठून काढतो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिला पत्ता नव्हता. समोरचे दोघं हसले. चेष्टेचं हसू कळतं हो, ते तसलं नव्हतं. त्यांच्या 'कड्या' कुठल्या ते सांगणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं हा नियम आहे. पण भूकंप त्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

तुम्ही एवढंच विचारा: ग्रुप कोण घेतं, आधी एकट्याला भेटतात का, मधेच नवी माणसं येतात का, आणि मी गप्प बसलो तर चालेल का. पहिल्याच दिवशी अपघात सांगायला लावला तर उठून या. भिडेखातर बसू नका.

हेही सांगायला हवं की २०१७मध्ये अमेरिकी सैनिकांवरच्या एका अभ्यासात एकट्याने घेतलेली थेरपी ग्रुपपेक्षा सरस ठरली, फरक मात्र दोन्हीकडे पडला. मला सुरुवातीला गोळ्याही चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय ग्रुपला नको. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर ग्रुपची वाट बघू नका, आधी डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा.

दादाला अजून म्हणतो, एकदा येऊन तर बघ. "कशाला उकरायलास?" हे त्याचं उत्तर. मागच्या दिवाळीत त्याच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे कडी काढायला उठलो, तर आधीच काढलेली. सकाळी विचारलं, तर म्हणे, मांजर येतं म्हणून. त्यांच्याकडे मांजर नाही.