पडद्यावरचे ठोकळे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची आहेत. लेगोच्या ठोकळ्यांची रचना संगणकावर कशी करावी, आणि त्यासाठी हौशी मंडळींनी मिळून उभारलेली मोफत साधने कितपत भरवशाची आहेत, असे त्यांचे एकूण विचारणे आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझी नात अकरा वर्षांची आहे. गोदाघाटावर गेलो की ती नारोशंकराच्या मंदिरापाशी रेंगाळते आणि घरी आल्यावर ठोकळ्यांत ते मंदिर रचू पाहते. परंतु दर वेळी तटाची भिंत अर्धी होते तोच ठोकळे संपतात. आणखी संच विकत घेणे आम्हाला परवडणारे नाही. संगणकावर हवे तितके ठोकळे फुकट मिळतात, असे शेजारच्या मुलाने सांगितले. हे खरे आहे का, आणि फुकट असेल तर त्यात काही मेख तर नाही ना? (एक आजोबा, गंगापूर रोड)

उत्तर : खरे आहे, आणि मेख नाही. मात्र हे फुकट कसे झाले ते आपण जाणून घ्यावे, कारण आपल्या शंकेचे उत्तर त्यातच आहे. जेम्स जेसीमन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळात, ‘एल-ड्रॉ’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ठोकळ्याचा आकार आणि ठोकळ्यांची रचना साध्या मजकुराच्या फायलीत कशी नोंदवायची, याची एक पद्धत त्याने ठरवली आणि त्या पद्धतीने एकेक ठोकळा मोजून काढायला सुरुवात केली. १९९७ मध्ये तो वारला. एकट्या माणसाचे काम तिथेच थांबायचे. पण त्याची पद्धत उघडी होती आणि फायली सर्वांना वाचता येत होत्या, त्यामुळे देशोदेशीच्या हौशी लोकांनी ते काम पुढे चालवले. आज त्या भांडारात हजारो ठोकळे आहेत. जेसीमनचा मूळ प्रोग्रॅम आता कोणी वापरत नाही, परंतु दोन बाय चारच्या साध्या ठोकळ्याची फाईल उघडली तर कर्ता म्हणून आजही त्याचेच नाव दिसते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणजे यात दोन भाग आहेत : ठोकळ्यांचे सामाईक भांडार, आणि त्यातले ठोकळे उचलून रचना करण्यासाठी निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम. आपल्या नातीसाठी ‘लिओकॅड’ योग्य आहे. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो, त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) सर्वांसाठी खुला आहे, भांडार त्याच्याबरोबरच येते, आणि एकदा बसवल्यावर काम करताना इंटरनेट लागत नाही. लेगो कंपनीने ही साधने बनवलेली नाहीत. एल-ड्रॉ हे हौशी मंडळींचे स्वतंत्र काम आहे.

मंदिराविषयी दोन सूचना करतो. १७४७ मध्ये बांधलेले हे मंदिर काळ्या पाषाणाचे असले तरी नातीला शुद्ध काळा रंग निवडू देऊ नका. पडद्यावर काळ्या ठोकळ्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि सगळे कोरीवपण नाहीसे होते. एल-ड्रॉच्या रंगांच्या यादीत काळ्याचा क्रमांक ० आहे. त्याऐवजी ७२ क्रमांकाचा निळसर झाक असलेला गडद राखाडी घ्यावा, तो ओल्या दगडासारखा दिसतो. दुसरे असे की, सगळे मंदिर एका दमात रचू नये. एक खांब स्वतंत्र उपरचना म्हणून करावा आणि तोच हव्या तितक्या ठिकाणी बोलवावा. पुढे खांबाचा माथा बदलावासा वाटला तर एकाच जागी बदल करायचा; बाकीचे खांब आपोआप बदलतात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रे जुनी आहेत. अशा साधनाचा उपयोग खेळापलीकडे, गणितासाठी करता येईल का? की मुले केवळ ठोकळे ओढत बसतील? (एक शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण या पद्धतीतला खरा ठेवा इथेच आहे.

मुलांना पहिल्या तासाला प्रोग्रॅम दाखवू नका. नोटपॅड उघडायला सांगा आणि एकच ओळ लिहून घ्या. त्या ओळीत मोकळी जागा सोडत सोडत क्रमाने असे आकडे असतील : १, ४, मग ०, ०, ०, नंतर १ ० ० ० १ ० ० ० १, आणि शेवटी ठोकळ्याच्या फाईलचे नाव, म्हणजे ३००१ आणि त्यापुढे बिंदू देऊन डॅट. (प्रत्यक्ष फायलीत हे अंक आणि नाव रोमन लिपीतच लिहायचे असतात.) फाईल साठवताना नावाच्या शेवटी बिंदू देऊन एलडीआर ही तीन अक्षरे लावा. आता ती लिओकॅडमध्ये उघडली की पडद्यावर दोन बाय चारचा एक लाल ठोकळा उभा राहतो.

पहिला १ सांगतो की ही ओळ एखादा ठोकळा आणून ठेवण्याची आहे. ४ हा लाल रंग. पुढचे तीन शून्य म्हणजे ठोकळ्याची जागा : क्ष, य आणि ज्ञ या तीन अक्षांवरचे त्याचे स्थान. त्यानंतरचे नऊ आकडे म्हणजे ठोकळा कसा वळवला आहे हे सांगणारे मॅट्रिक्स, आणि वर दिलेले मॅट्रिक्स म्हणजे ‘अजिबात वळवलेला नाही’. शेवटी ठोकळ्याचा क्रमांक. बस, इतकेच. कितीही मोठी रचना असली तरी ती अशाच ओळींची रास असते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या चार मुलांना मी हे दाखवले. त्यातल्या सातवीतल्या एका मुलाने मला न विचारता ४ खोडून १ केला, फाईल साठवली आणि पुन्हा उघडली. ठोकळा निळा झाला होता. तो काही बोलला नाही. त्याने लगेच १ च्या जागी १४ लिहून पाहिले, आणि पिवळा ठोकळा आल्यावर मात्र उठून बाकीच्या तिघांना ओढत आणले. आपण लिहिलेला आकडा आणि समोर दिसणारी वस्तू यांचा इतका थेट संबंध त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या तासाला मापे घ्या. एल-ड्रॉचे स्वतःचे एकक आहे. ठोकळ्यावरच्या दोन शेजारच्या गोल उंचवट्यांच्या, म्हणजे स्टडच्या, मध्यबिंदूंमधील अंतर २० एकके. ठोकळ्याची उंची २४ एकके. आणि चपट्या ठोकळ्याची, ज्याला प्लेट म्हणतात त्याची, उंची ८ एकके. एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. मुलांना खरा ठोकळा द्या आणि पट्टीने मोजू द्या : स्टडचे अंतर ८ मिलिमीटर भरते, उंची ९.६ मिलिमीटर. मग प्रश्न विचारा : १६ स्टड लांब आणि ५ ठोकळे उंच भिंत खरोखर रचली तर किती मोठी होईल? लांबी ३२० एकके, म्हणजे १२.८ सेंटिमीटर; उंची १२० एकके, म्हणजे ४.८ सेंटिमीटर. हा हिशोब फळ्यावर सुटला की लगेच ठोकळ्यांत पडताळता येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, नाहीतर तासाला गोंधळ होतो. एल-ड्रॉमध्ये उंचीचा अक्ष खालच्या दिशेने वाढतो. म्हणून पहिल्या ठोकळ्यावर दुसरा ठेवायचा असेल तर त्याच्या य-स्थानी उणे २४ लिहावे लागते. अधिक २४ लिहिले तर तो खाली जाऊन बसतो. ऋण संख्या कशाला लागतात, हे विचारणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

शून्याने सुरू होणारी ओळ शेरा म्हणून वापरता येते आणि तो शेरा देवनागरीत लिहिला तरी चालतो. ‘इथून कळस सुरू’ असे मराठीत लिहून मुले आपली फाईल नीट मांडू शकतात. यंत्रे जुनी आहेत म्हणून घाबरू नका. मुलांच्या रचना काही शे ठोकळ्यांच्या असतील, आणि तेवढ्या रचनेला भारी यंत्राची गरज नसते.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. लिओकॅडमध्ये मी व्हिक्टोरिया पुलाच्या एका कमानीची रचना केली. पडद्यावर ती उत्तम दिसते, पण मित्राकडचे ठोकळे आणून जोडायला घेतली तेव्हा दोन ठिकाणी ठोकळे एकमेकांत घुसलेले निघाले आणि कमानीचा मधला भाग कशालाच जोडलेला नव्हता. प्रोग्रॅमने सूचना का दिली नाही? (एक विद्यार्थी, आडगाव)

उत्तर : कारण प्रोग्रॅमला ते ठाऊकच नव्हते. भांडारातल्या ठोकळ्याच्या फाईलमध्ये फक्त आकार असतो : रेषा, त्रिकोण आणि चौकोन. कोणता उंचवटा कोणत्या खळग्यात बसतो, ठोकळा किती घट्ट धरतो, त्याचे वजन किती, यातले काहीच मूळ पद्धतीत नोंदवलेले नाही. त्यामुळे ठोकळा हवेत तरंगला काय किंवा दुसऱ्याच्या पोटात शिरला काय, फाईलच्या दृष्टीने दोन्ही ओळी सारख्याच शुद्ध असतात. आपल्या अभ्यासक्रमातल्या कॅडच्या, म्हणजे संगणकावर यंत्रांचे आराखडे काढण्याच्या, साधनांची सवय असल्यामुळे आपली अपेक्षा वेगळी होती, इतकेच.

यावर दोन उपाय आहेत. रोलंड मेल्कर्ट यांनी लिहिलेल्या ‘एलडीकॅड’ या प्रोग्रॅममध्ये जोडणीची माहिती स्वतंत्रपणे जोडलेली आहे, त्यामुळे ठोकळा योग्य जागी आपोआप जाऊन चिकटतो. दुसरा उपाय शिस्तीचा : रचना पायऱ्यापायऱ्यांनी करावी. फाईलमध्ये प्रत्येक टप्प्यानंतर ‘स्टेप’ ही आज्ञा देता येते. ती देत गेलात तर प्रत्येक पायरीवर ‘हा ठोकळा कशावर बसतो आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो. पुढे त्याच पायऱ्यांवरून ‘एलपब-थ्रीडी’ हा मोफत प्रोग्रॅम संचाबरोबर येते तशी चित्रमय पुस्तिका तयार करून देतो. कमानीत ठोकळे आडवे वळवले असतील तर एक नाते पाठ करून ठेवा : पाच ठोकळ्यांची उंची आणि सहा स्टडची लांबी तंतोतंत सारखी असते, दोन्ही १२० एकके. आडव्या आणि उभ्या ठोकळ्यांचा मेळ त्याच मापावर बसतो.

प्रश्न : माझ्या मुलाने काही वर्षांपूर्वी कंपनीच्या ‘लेगो डिजिटल डिझायनर’मध्ये केलेल्या रचना आमच्याकडे आहेत. त्या आता वाया गेल्या का? आणि नवे काम ‘स्टुडिओ’मध्ये करावे की आपण म्हणता त्या साधनांत? (एक पालक, इंदिरानगर)

उत्तर : वाया गेलेल्या नाहीत. कंपनीने तो प्रोग्रॅम २०२२ मध्ये बंद केला आणि ‘ब्रिकलिंक’ या ठोकळ्यांच्या ऑनलाइन बाजारपेठेच्या ‘स्टुडिओ’ या प्रोग्रॅमची शिफारस केली. स्टुडिओमध्ये त्या जुन्या फायली उघडतात. उघडल्यावर लगेच एल-ड्रॉच्या पद्धतीतही साठवून ठेवा. स्टुडिओ मोफत आहे, देखणा आहे, ठोकळे एकमेकांत घुसले तर तो दाखवतो, आणि मुलाला तो आवडत असेल तर त्याला अडवू नये. फक्त प्रत्येक पूर्ण झालेल्या रचनेची एक प्रत एल-ड्रॉच्या स्वरूपात घरी राहू द्यावी. ती साध्या मजकुराची असल्यामुळे उद्या कोणताही प्रोग्रॅम बंद पडला तरी आपल्याला ती नोटपॅडमध्ये वाचता येईल.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. मुलीच्या संचातला एक तिरका ठोकळा मला भांडारात सापडला नाही. मोजमाप हा माझा रोजचा धंदा आहे. तो ठोकळा मी स्वतः काढून देऊ शकतो का? इंग्रजी मला बेताचेच येते. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : देऊ शकता, आणि आपल्यासारख्या माणसांवरच हे भांडार उभे आहे. आधी ठोकळ्याच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे बारीक अक्षरांत साच्याचा क्रमांक उठवलेला असतो. भिंग घेऊन तो वाचा आणि त्या क्रमांकाने पुन्हा शोधा. तोच ठोकळा वेगळ्या नावाने नोंदलेला असणे सहज शक्य आहे. जी फाईल तपासणीच्या रांगेत आहे, पण अधिकृत भांडारात अजून आलेली नाही, तिचीही यादी असते. ती पाहायला विसरू नका.

खरोखरच नसेल तर व्हर्नियर घ्या. मिलिमीटरमधले माप ०.४ ने भागले की एकके मिळतात. उत्तर पूर्णांकापेक्षा किंचित कमी आले तर बहुधा तो पूर्णांकच खरा असतो, कारण खऱ्या ठोकळ्यात शेजारी बसण्यासाठी किंचित फट सोडलेली असते : दोन बाय चारचा ठोकळा ३२ नव्हे, ३१.८ मिलिमीटर भरतो, पण भांडारात तो ८० एककांचाच काढतात. हे आपल्या हाताला ठाऊक असलेलेच आहे. टूलरूममध्ये नाममात्र माप आणि प्रत्यक्ष माप यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही.

स्टड किंवा गोल नळी स्वतः काढू नका. असे नेहमी लागणारे आकार तयार फायलींत ठेवलेले आहेत, ते बोलवायचे असतात. वर्तुळ सोळा भागांत तोडून काढलेले असते. मोठ्या वक्रांसाठी अठ्ठेचाळीस भागांचे वेगळे संच आहेत. आपल्याला खरे काम पडेल ते तिरक्या बाजूचे, आणि तिथे एक नियम काटेकोर पाळावा लागतो : प्रत्येक पृष्ठाचे कोपरे बाहेरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट क्रमाने लिहायचे. क्रम उलटा झाला तर ते पृष्ठ काही प्रोग्रॅममध्ये अदृश्य होते. ठोकळ्याचा रंग फाईलमध्ये ठरवायचा नसतो. पृष्ठांना १६ आणि कडांना २४ हे क्रमांक द्यायचे, म्हणजे वापरणारा जो रंग निवडेल तो त्याला लागतो.

फाईल पाठवली की इतर सभासद ती उघडून तपासतात, चुका दाखवतात आणि सुधारल्यावर मान्यता देतात. याला वेळ लागतो, कारण तपासणारेही नोकरी सांभाळून हे करतात. शेरे इंग्रजीत असतील, पण ते ‘अमुक ओळीत अमुक कोपरा चुकला’ इतपतच असतात आणि बहुतेक वेळा ओळ क्रमांकावरूनच कळतात. फाईल खुल्या परवान्याखाली द्यावी लागते, म्हणजे ती कोणीही वापरू शकेल, आणि तिच्या माथ्यावर कर्ता म्हणून आपले नाव राहील. पत्राबरोबर आपण पाठवलेल्या कागदावर तिरक्या बाजूची उंची दिली आहे, पण वरची कड किती जाड आहे ते लिहिलेले नाही. फाईल सुरू करण्यापूर्वी तेवढे एक माप मात्र घेऊन ठेवा.