मास्ट खाली घट्ट बांधली, पण पुढे सरकू नये याची सोय केली का?

प्रश्न : नमस्कार. आमची २२ फुटी शिडाची बोट आहे, मास्ट, म्हणजे शिडाची उभी काठी, आडवी करून बोटीवरच ठेवतो आणि ट्रेलरवरून नेतो. पुढे रेलिंगवर एक टेकू, मागे एक टेकू आणि तीन रॅचेट बेल्ट (खटक्याच्या दांड्याने आवळायचे), सगळे फुल टाइट. तरी दोनेकशे किलोमीटर गेल्यावर बघितलं तर मास्ट चार बोटं पुढे सरकलेली, मधला बेल्ट लोंबतोय आणि डेकवर ओरखडे. अजून किती आवळायचं?

उत्तर : अजून आवळू नका, उलट थोडं सैल करा, आणि का ते सांगतो. तुमचं पत्र वाचताना मला माझी पहिली ट्रिप आठवली, मीपण बेल्ट इतके ताणले होते की बोटाने छेडले तर तुणतुण्यासारखे वाजत होते. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, आणि मागे खळ्ळकन आवाज. मास्टचा बुंधा माझ्याच गाडीच्या मागच्या काचेतून आत आला होता. मागच्या सीटवर कुणी नव्हतं म्हणून वाचलो. बेल्ट मात्र जसेच्या तसे टाइट, एकही तुटला नव्हता.

यातला घोळ असा की वरून टाकलेला बेल्ट काठीला फक्त खाली दाबतो, पुढे जाण्यापासून अडवायचं काम तो करतच नाही, ते काम निव्वळ घर्षणावर चाललेलं असतं. आणि घर्षण कशाचं, तर गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात पाऊस पडला तर विचारूच नका. ट्रकवर माल बांधायचे नियम बऱ्याच ठिकाणी असे असतात की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर सहन करायला हवा, बाजूला आणि मागे ५० टक्के. म्हणजे तिला उभी धरणाऱ्या तारांसकट २५ किलोची मास्ट असेल तर ब्रेक मारल्यावर ती साधारण २० किलोच्या जोराने पुढे निघते. आकडा छोटा वाटतो, पण प्रत्येक खड्ड्यात काठी क्षणभर हलकी होते, त्या क्षणी घर्षण जवळपास संपतं आणि ती दोनचार मिलीमीटर पुढे जाते, मग परत पुढच्या खड्ड्यात. तुमची चार बोटं अशीच गेलीत, एकदम नाही.

तर आधी पुढे-मागे बांधा, खाली नंतर. मास्टच्या बुंध्याला, म्हणजे पुढे आलेल्या खालच्या टोकाला, जिथे पिन किंवा बोल्ट जातो ते भोक वापरा. त्यातून दोर घालून मागच्या दिशेला, डेकवरच्या मास्ट-स्टेपला (उभी मास्ट जिथे बसते ती बैठक) किंवा बाजूच्या चेनप्लेटला (तारा बोटीला जिथे जोडतात ती पट्टी) ओढून बांधा, हा दोर काठीला पुढे जाऊ देत नाही. दुसरा दोर त्याच भोकातून पुढे बोटीच्या नाकावरच्या क्लीटला (दोर अडकवायची खुंटी), हा तिला मागे जाऊ देत नाही. दोन्ही दोर जमेल तितके आडवे हवेत, उभा दोर परत खालीच दाबणार. आणि क्लीट म्हणजे क्लीटच, पुढच्या रेलिंगला बांधू नका, ती नळी काठीचं वजन पेलते पण ब्रेकचा झटका तिच्यावर टाकायचा नाही. भोक नसेल तर दोराची पकड अशा जागी घ्या जिथून ती घसरू शकत नाही, म्हणजे मास्टवरच्या एखाद्या क्लीटच्या किंवा ब्रॅकेटच्या आड. नुसते गोल वेढे मारले तर दोर काठीवरून सरकत जातो.

आता लोंबणारा मधला बेल्ट. तुमचे टेकू दोनच, त्यामुळे मधली काठी प्रत्येक खड्ड्यात झोके घेते आणि तुम्ही नेमका तिथेच, जिथे खाली काही नाही तिथे, बेल्ट टाकून तिला खाली वाकवताय. याने मास्टला कायमचा बाक येऊ शकतो. बेल्ट कायम टेकूच्या डोक्यावरच यायला हवा. मध्ये केबिनच्या छतावर, मास्ट-स्टेपजवळ तिसरा टेकू द्या, लाकडाचा जाड तुकडा आणि वर खाच एवढं पुरे. उंची मात्र नीट जमवा, पुढच्या आणि मागच्या टेकूला सुतळी ताणून बांधा आणि मधली खाच त्या सुतळीला जेमतेम टेकेल अशी करा, उंच झाली तर काठी उलटी वाकेल.

मागचा टेकू सुकाणूच्या बिजागरीत बसणारा असेल तर तो पण खाली बांधा हं, खूप जण विसरतात. खड्ड्यात तो चक्क उडून बाहेर येतो. त्याच्यावर रोलर असेल तर अजून जपून, मास्ट चढवताना रोलर म्हणजे वरदान पण रस्त्यावर तोच तिला सरकायला मदत करतो.

ओरखड्यांबद्दल, टेकूवर जुन्या गालिच्याचे तुकडे किंवा जाड होजपाइप उभा चिरून लावा, पण दर वेळी झटकून धुवा, कारण त्यात वाळू अडकली की तो सँडपेपर होतो. असं काही मऊ लावलं की पहिल्या दहावीस किलोमीटरमध्ये ते दबतं आणि सगळे बेल्ट आपोआप ढिले पडतात, म्हणून निघाल्यावर लगेच एकदा थांबून बघायचंच आणि मग दर दोनेक तासांनी.

प्रश्न : रॅचेट बेल्ट चांगले की दोर? आमच्यात यावरून दर वेळी भांडण होतं.

उत्तर : भांडण मिटणार नाही पण माझं मत दोर. बोट ट्रेलरला बांधायला रॅचेट उत्तमच, तिथे ताकद लागते. मास्ट म्हणजे आतून पोकळ पातळ नळी, आणि रॅचेटच्या दांड्याने किती जोर आला हे हाताला कळतच नाही, दोन खटके जास्त दिले की शिडाच्या खाचेची कड दबते आणि मग शीड वर चढताना तिथेच अडकतं. बेल्टच हवा असेल तर साधा, हाताने ओढायच्या बकलचा घ्या. दोर घेतलात तर पॉलिएस्टरचा, नायलॉन भिजला की लांबतो आणि सकाळी घट्ट असलेली गाठ पावसानंतर सैल. आवळायला ट्रकर्स हिच ही गाठ शिकून घ्या, एकदा हाताला बसली की रॅचेटची आठवण येत नाही. बेल्टला एक पीळ द्यायला विसरू नका, सपाट बेल्ट वाऱ्यात थरथरतो, गुणगुणतो आणि त्या थरथरीनेच झिजतो. कार्बनची मास्ट असेल तर रॅचेटचं नाव काढू नका.

आणि ते हुकवाले लवचिक बंजी कॉर्ड, ते फक्त तारा गोळा करून ठेवायला. मास्ट त्याने बांधायची नाही. ते ताणलं जातं म्हणजेच काठी हलते.

प्रश्न : तारांचं काय करता? पोचल्यावर अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो आणि मागच्या वेळी एका तारेला मोड आली.

उत्तर : मोड आलेली तार बदला, सरळ करून परत लावू नका. स्टीलच्या तारेला एकदा घडी पडली की आतले धागे तिथेच एकेक करून तुटायला लागतात आणि पुढे भर वाऱ्यात मास्ट खाली येते.

गुंत्यावर उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे. मास्ट खाली घेतल्या घेतल्या, चहापाणी नंतर, प्रत्येक तार काठीच्या अंगाने सरळ आडवी करायची आणि दर हातभर अंतरावर वेल्क्रोची पट्टी किंवा पॅकिंगचं ताणणारं प्लास्टिक गुंडाळायचं. चिकटपट्टी नको, उन्हात तिचा डिंक काठीवरच राहतो आणि मग बसा घासत. टर्नबकल, म्हणजे तारा ताणायचे पेच, शक्यतो काढून डब्यात, नाही काढले तर फडक्यात गुंडाळून घट्ट बांधा, मोकळा लटकणारा टर्नबकल हातोड्यासारखा डेकवर आपटत जातो, तुमचे निम्मे ओरखडे त्याचेच असतील. स्प्रेडर, म्हणजे तारा मास्टपासून लांब धरणारे आडवे दांडे, निघत असतील तर काढा. निघत नसतील तर शिडाची खाच वर येईल अशी मास्ट ठेवा, म्हणजे मागे झुकलेले स्प्रेडर वर तोंड करून राहतात, डेकला टोचत नाहीत.

पुढचं शीड गुंडाळायचा फर्लर असेल तर त्याची लांब नळी हे सगळ्यात नाजूक प्रकरण. तिला स्वतःचा कणा नसतो, म्हणून मास्टलाच चिकटवून दर मीटरला बांधायची आणि खालचा ड्रम मोकळा लोंबू द्यायचा नाही. शेंड्यावरचा वारा दाखवणारा बाण आणि अँटेना आधीच काढून गाडीत ठेवा, ते रस्त्यात कुठेतरी पडतात आणि कळतही नाही. बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, मास्टसोबत बांधू नका, केबिनमध्ये टाका.

प्रश्न : मास्ट पुढे बोटीला बांधू की ट्रेलरच्या विंचच्या (बोट वर ओढायच्या चरखीच्या) खांबाला? आणि मागे किती बाहेर राहिली तर चालते?

उत्तर : केबिनवाली बोट असेल तर सगळं बोटीलाच. बोट कितीही आवळली तरी ट्रेलरवर ती थोडी हलतेच, मग एक टोक ट्रेलरला आणि दुसरं बोटीला बांधलं तर ते हलणं मधल्या बिचाऱ्या काठीवर येतं. छोट्या डिंगीत पुढे खांबाचाच टेकू असतो, तिथे दुसरा इलाज नाही, पण मग बोट ट्रेलरवर अगदी खिळवून बसवा. लेझर नावाच्या डिंगीसारख्या बोटीची मास्ट दोन तुकड्यांत निघते, त्यांना हा प्रश्नच नाही, सुखी लोक.

पुढचं टोक गाडीवर येत असेल तर रिकाम्या मैदानात गाडी पूर्ण वळवून आणि एखाद्या चढउतारावर नेऊन बघा, सरळ उभी असताना मिळालेली जागा वळताना संपते. डिकीचं दारही उघडून बघा, ते थेट बुंध्यावर जाऊन आदळतं. मागे किती बाहेर चालते हे तुम्ही ज्या रस्त्याने जाणार तिथल्या नियमावर आहे, ते आधी विचारून घ्या. नियम काहीही असो, टोकाला लाल फडकं आणि रात्री लाल दिवा लावाच. मागच्या गाडीवाल्याला आडवी नळी टोकाकडून दिसतच नाही, त्याला फक्त एक छोटा गोल दिसतो.

प्रश्न : पार्किंगमध्येच मास्ट उभी केली आणि तशीच रॅम्पपर्यंत (बोट पाण्यात उतरवायच्या उतारापर्यंत) ३०० मीटर नेली तर काय बिघडलं? हळूच नेणार.

उत्तर : वर बघितलंत का? विजेच्या तारा. अ‍ॅल्युमिनियमची काठी, स्टीलच्या तारा, त्यातून हात ओला आणि पाय जमिनीवर, यात माणसं गेलेली आहेत. तार जास्त दाबाची असेल तर काठी तिला प्रत्यक्ष टेकायचीही गरज नाही, वीज हवेतून उडी मारते. होबी १६ या कॅटामरानच्या (दोन सांगाडे जोडलेल्या शिडाच्या बोटीच्या) मास्टचा शेंडा कंपनीने याच भीतीने अ‍ॅल्युमिनियमऐवजी फायबरचा द्यायला सुरुवात केली, यावरून समजा. हळू नेल्याने काही फरक पडत नाही, उभ्या काठीने ट्रेलर डोईजड होतो ते वेगळंच.

मास्ट उभी करायची ती रॅम्पच्या शेजारी, आणि त्याआधी नुसते पायी चालत जाऊन सगळं आकाश बघून यायचं, झाडांच्या आडून गेलेली तार पण. एखादी तार दिसली आणि शंका आली की काठी तिच्यापासून पुरेशी लांब राहील का, तर तिथे उभी करायचीच नाही, दुसरी जागा शोधायची. पाण्यावर गेल्यावर पण हेच, काही ठिकाणी खाडीवरून तारा गेलेल्या असतात.