वाचक विचारतात: छप्पर गळतंय की घामेजतंय?

प्रश्न : आमच्या घराच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोली काढली आहे. पत्र्याचा उतार भिंतीपासून खाली येतो. पत्रा जिथे भिंतीला भिडतो तिथून दर पावसाळ्यात पाणी येतं. दोनदा सिमेंट भरलं, एकदा सिलिकॉन मारलं. एक पावसाळा निभावतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कायमचा उपाय सांगाल का?

उत्तर : आधी सिमेंट का टिकत नाही ते पाहू. पत्रा उन्हात लांबतो, रात्री आकसतो. भिंत जागची हलत नाही. तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर ३ मीटरचा लोखंडी पत्रा जवळपास २ मिलिमीटरने आणि अ‍ॅल्युमिनियमचा साडेतीन मिलिमीटरने लांबतो. ही ओढाताण सिमेंट सोसू शकत नाही. त्याला केसाएवढी चीर पडते, आणि अशी बारीक चीर पाणी आत खेचून घेते. सिलिकॉन लवचीक खरं, पण धुळीवर किंवा ओलसर प्लास्टरवर ते धरत नाही. वरून पातळ थर फासला तर कडेने सुटतं. सांधा बुजवायचा विचारच सोडा. पाणी सांध्यावरून पुढे जाईल अशी झाकण द्या. फ्लॅशिंग म्हणजे हीच झाकण.

इथे एकाऐवजी दोन पट्ट्या लागतात. पहिली काटकोनात वाकवलेली: १५० मिलिमीटर भिंतीवर उभी, किमान १५० मिलिमीटर पत्र्यावर आडवी. ही फक्त पत्र्याला स्क्रूने जोडा, भिंतीला अजिबात ठोकू नका. बहुतेक कामं इथेच बिघडतात. कारागीर एकच पट्टी दोन्हीकडे पक्की करतो, आणि दुसऱ्या वर्षी ती स्क्रूच्या भोकाशी फाटते. पत्र्याच्या नाळ्यांचा, म्हणजे उंचसखल वळ्यांचा, आकार घेणाऱ्या फोमच्या पट्ट्या आडव्या भागाखाली ठेवा, म्हणजे वाऱ्याने उलटं आलेलं पाणी आत शिरणार नाही.

दुसरी पट्टी भिंतीची. पत्र्यापासून साधारण २०० मिलिमीटर उंचीवर ग्राइंडरने २५ मिलिमीटर खोल आणि ८ ते १० मिलिमीटर रुंद खाच मारा. ही खोली प्लास्टर सोडून विटेत मोजायची. खाच प्लास्टरमध्येच राहिली, तर प्लास्टरमागून उतरणारं पाणी थेट दोन्ही पट्ट्यांच्या पाठीमागे जाईल. खाच ब्रशने झाडा, कोरडी होऊ द्या. पट्टीची वरची कड आत वळवून बसवा, दर ४५० मिलिमीटरवर दुमडलेल्या पत्र्याची पाचर मारा आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट भरा. सीलंटची खरी जागा एवढीच. ही पट्टी पहिलीच्या उभ्या भागावर किमान ७५ मिलिमीटर उतरली पाहिजे, आणि तिची खालची कड किंचित बाहेर वळवा म्हणजे थेंब तिथेच सुटतो. दोन्ही पट्ट्या आता एकमेकींवर मोकळ्या सरकतील आणि पाणी मात्र बाहेरच राहील.

पट्टीचे तुकडे ३ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. जोडावर १५० मिलिमीटरचा दुपदर ठेवा. पुढेमागे उताराच्या बाजूने, म्हणजे पत्र्याच्या नाळ्यांना समांतर असलेल्या भिंतीला काम काढलंत, तर खालच्या टोकापासून वर चढत जा, म्हणजे वरचा तुकडा नेहमी खालच्यावर येईल. तिथे आडवी पट्टी निदान एका उंच नाळीपलीकडे गेली पाहिजे. सगळ्यात खाली शेवटचा तुकडा भिंतीपासून बाहेर वळवून पाणी पन्हळीत सोडा. हे वळण राहिलं, तर सगळ्या उताराचं पाणी त्या एका कोपऱ्यात भिंतीवरून ओघळतं, आणि आतल्या पोपड्यांचं कारण वर शोधत बसावं लागतं.

प्रश्न : कौलारू घर आहे. धुराड्याजवळच्या खोलीत ओल दिसते, पण धुराडं तर डागाच्या चांगलं वर आहे. गळती नेमकी कुठून, हे कसं शोधावं?

उत्तर : डागावरून जागा ठरवू नका. कौलाखाली आलेलं पाणी वाशाच्या अंगाने खाली सरकतं आणि एखाद्या रिपेला किंवा खिळ्याला अडलं की मगच टपकतं. माळ्यावर एक जण बॅटरी घेऊन बसवा, दुसऱ्याने नळी धरावी. सुरुवात डागाच्या खालच्या बाजूपासून करा, एका पट्ट्यावर १० ते १५ मिनिटं संथ धार, मग थोडं वर. आधीच वर पाणी मारलंत, तर सगळंच भिजेल आणि काही कळणार नाही. धार जोराची नको, आणि नळीचं तोंड वरच्या दिशेने धरून मारू नका. नाहीतर धड कौलांतूनही पाणी आत जाईल. कौलांवर थेट पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावरून जा.

धुराड्याच्या बाबतीत संशय आधी मागच्या, म्हणजे चढाच्या बाजूवर घ्या. वरून येणारं पाणी तिथे अडतं, पालापाचोळा साचतो आणि ओला गाळ पट्टीची कड खातो. धुराडं पाऊण मीटरपेक्षा रुंद असेल, तर मागे छोटा घोडा, म्हणजे पाणी दोन्हीकडे वळवणारा उतरता उंचवटा, बांधून तो पत्र्याने मढवा. बाजूंना एकच लांब पट्टी न देता प्रत्येक ओळीला वेगळा काटकोनी तुकडा द्या: कौल, तुकडा, पुन्हा कौल, पुन्हा तुकडा. प्रत्येक तुकडा खालच्या तुकड्यावर चढलेला हवा. पुढच्या बाजूला मात्र पट्टी कौलांच्या वर येते.

प्रश्न : पाऊस नसताना, थंडीच्या दिवसांत पहाटे माळ्यावर पत्र्याखाली थेंब जमतात. खालचं छत ओलं होतं. स्क्रू बदलले, वायसर बदलले, उपयोग नाही. वर फिरता पंखाही बसवला आहे.

उत्तर : ही गळती नव्हे, पत्र्याला सुटलेला घाम आहे. पावसाशी संबंध नाही, पहाटे दिसतो, एका जागी न येता पत्राभर पसरतो आणि स्क्रूच्या टोकांवर आधी जमतो; या चार खुणा पुरेशा आहेत. २५ अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत जवळपास १७ अंशांना दव धरू लागतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे घरातली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटणारच.

पहिलं काम, खालून येणारी वाफ थांबवा. न्हाणीघराचा किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट माळ्यात उघडत असेल, तर त्याची नळी छपराबाहेर काढा. दिव्यांची भोकं, माळ्याच्या दाराच्या फटी बंद करा. हे न करता नुसते झरोके वाढवणं अर्धवट काम आहे.

मग हवेची वाट. छताच्या क्षेत्रफळाच्या ३००व्या भागाइतकी मोकळी जागा हवी, अर्धी वळचणीला आणि अर्धी आढ्याजवळ. झरोके एकाच पातळीवर असतील, तर १५०वा भाग. ६० चौरस मीटर छताला २००० चौरस सेंटिमीटर: खाली १००० आणि वर १०००. वळचण दोन्हीकडे १० मीटर असेल, तर हिशेबाने ५ मिलिमीटरची सलग फट पुरते. पण किडे अडवायला जाळी लावली की मोकळी जागा घटते, म्हणून १० मिलिमीटर ठेवा. उतार फार कमी असेल तर २५.

तुमचा फिरता पंखा बहुधा इथेच अडला आहे. खालून हवा यायला जागा नसेल, तर तो छताच्या फटींतून घरातलीच दमट हवा ओढतो आणि घाम आणखी वाढतो. वरच्या झरोक्यांपेक्षा खालची जागा कधीही कमी नको. माळ्यावर इन्सुलेशन अंथरलं असेल, तर वळचणीजवळ त्याच्यावर ५० मिलिमीटरची मोकळी वाट राहील अशी फळी लावा. लोक गादी थेट कडेपर्यंत ढकलतात आणि झरोका आतून बुजतो.

प्रश्न : जुनी तांब्याची पट्टी हाताशी आहे. जस्ताच्या पत्र्यावर वापरली तर चालेल?

उत्तर : नको. तांब्यावरून उतरलेलं पाणी जस्ताचा थर खातं, आणि ओल्यात दोन्ही भिडले तर जस्त वेगाने संपतं. जस्ताच्या पत्र्याला जस्ताचीच पट्टी आणि तसेच स्क्रू. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावायची झाली, तर ओल्या सिमेंटला लागणाऱ्या भागावर आधी डांबरी रंगाचे दोन हात द्या. स्क्रू आवळताना रबराचा वायसर किंचित दबला की थांबा. तो कडेने फुगून बाहेर आला, तर उन्हाने लवकर तडकतो.