गाण्याचे पैसे कोण देतं?

पोरी, अनेक आशीर्वाद.

मंडळाने गणपतीतला तुझा कार्यक्रम रद्द केला, हे तुझ्या आईकडून कळलं. कारण काय, तर हॉल मिळाला नाही. आणि त्याच हॉलमध्ये त्याच संध्याकाळी भावगीतं झाली! तू चिडलीस हे साहजिकच आहे. पण त्या मंडळींची सालटी काढणारं जे काही तू इन्स्टावर टाकायला लिहून ठेवलंयस, ते टाकू नकोस. मोठी वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी कपाळाला आठी पडली असेल, बाकी काही नाही. इंदुरात काय किंवा आणखी कुठे काय, राजकारणावर रोखठोक गाणाऱ्याला धमकी क्वचित येते. बोलावणी तेवढी येईनाशी होतात.

म्हणून आवाज, शब्द, चाल यांचं नंतर बघू. आधी तुझे पैसे कुठून येतात त्याचा हिशेब मांड.

मिरियम मकेबा, दक्षिण आफ्रिकेची गायिका, तू ऐकली आहेस. 1960 साली तिची आई गेली, ती अमेरिकेहून दक्षिण आफ्रिकेला निघाली, तेव्हा कळलं की पासपोर्ट रद्द झालाय. 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे तिने वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली आणि मायदेशाची दारं तिला आणखीच बंद झाली. हे सरकारने केलं, उघडपणे केलं. पुढचं बघ. 1968 मध्ये तिने स्टोकली कारमायकल या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या नेत्याशी अमेरिकेत लग्न केलं. लग्न करणं हा काही गुन्हा नव्हे. तरी ठरलेले कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले, करार गेले. ती बाई उठली आणि आफ्रिकेतल्या गिनीला जाऊन राहिली. तिथून आफ्रिकेत, युरोपात गात राहिली आणि 1990 मध्ये आपल्या देशात परतली. आवाज तिचा थोर होताच, पण अमेरिकेतल्या आयोजकांनी पाठ फिरवल्यावरही ती उभी राहिली, कारण तिचे श्रोते एकाच देशात नव्हते.

डिक्सी चिक्सचंही तेच, म्हणजे कंट्री हा अमेरिकेतला गावाकडचा बाज गाणाऱ्या तिघींच्या बँडचं. मार्च 2003, इराकवर हल्ला व्हायला थोडे दिवस उरलेले. लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यातली नटाली मेन्स म्हणाली की आमचे राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. ती स्वतः टेक्सासची. एवढ्या एका वाक्यावर अमेरिकेतल्या कंट्री रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी वाजवणं थांबवलं. पण त्यांच्या दौऱ्याची बरीचशी तिकिटं आधीच खपली होती, आणि लोक आले. 2007 मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. रेडिओवरची जुनी जागा मात्र गेली ती गेलीच. जिथे श्रोता स्वतःच्या खिशातून पैसे देत होता तिथे त्या तरल्या.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला खंडव्याचा किशोरकुमार घे. तो काही राजकीय गायक नव्हता. आणीबाणीत सरकारच्या प्रचारासाठी गायला नकार दिला, एवढंच. 4 मे 1976 पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद.

तुझं उत्पन्न आज दोनच ठिकाणांहून येतं: मंडळांचे कार्यक्रम आणि त्या हॉटेलातला शनिवार. दोन्हीकडे एकेका माणसाच्या मर्जीचा प्रश्न. शिकवण्या सुरू कर, अगदी चार मुलं मिळाली तरी. जिंगल मिळाली तर नाक मुरडू नकोस. छोट्या तिकिटाचे स्वतःचे कार्यक्रम कर, पन्नास खुर्च्यांचे. प्रह्लादसिंह टिपानिया आयुष्यभर कबीर गात आले. जात, कर्मकांड, ढोंग या सगळ्यांवर कबीर आसूड ओढतो, आणि ते ऐकवायला गावोगाव बोलावणी. पण पेशाने ते शाळामास्तर होते, हे विसरू नकोस. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर देवासमधून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. निवडणूक लढवणं हा ज्याचा त्याचा हक्क. तू मात्र निदान दहा वर्षं कुठल्याच पक्षाच्या मंचावर गाऊ नकोस, तुझ्या आवडत्या पक्षाच्या तर नकोच नको. एकदा का त्यांच्या पाकिटातून मानधन घेतलंस की लोक गाण्याआधी झेंडा बघतात.

आता गिरणीचं गाणं. चाल छान आहे, मुखडा जमलाय. दुसरा अंतरा फाडून टाक. ‘शोषितांचं रक्त’, ‘व्यवस्थेचे हात’ हे कोणीही, कुठेही बसून लिहील. तू आपल्या इंदुरातल्या हुकुमचंद कापड मिलवर लिहितेयस ना? ती मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. 4,800 कामगारांचे थकलेले 224 कोटी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला, आणि तोवर कितीतरी जण गेले होते. या तारखा जशाच्या तशा ठेवल्यास तरी ऐकणाऱ्याच्या पोटात कालवेल. आणि मिलची झांकी, मिरवणुकीतला तो चित्ररथ? मिलला टाळं लागलं तरी अनंत चतुर्दशीला तिची झांकी निघतच राहिली, वर्गणी गोळा करून. पगार बुडालेला माणूस रात्रभर रस्त्यावर रोषणाईची गाडी ओढतो, हे मुंबईच्या गीतकाराला सुचणार नाही. तुझ्या आजोबांनी ती गाडी ओढलीय. त्यांना विचार की दिवे कोण भाड्याने द्यायचं, उधारी कशी फेडायचे, पावसात कागद भिजला तर काय करायचे. मग बघ अंतरा कसा येतो. त्यात कुणाला शिव्या घालायची गरजसुद्धा उरणार नाही.

नाव घेऊन टीका करायची असेल तर कर, घाबरू नकोस, पण कागद हातात ठेवून. भारतीय न्याय संहितेतली दोन कलमं वाच: 196, समाजासमाजात तेढ वाढवण्याचं, आणि 356, बदनामीचं. गाणं रेकॉर्ड होण्याआधी वकिलाला शब्द दाखव. तुझ्या मामेभावाची वकिली बरी चाललीय, फुकट वाचेल. रात्री अकरानंतर कॉमेंटला उत्तर द्यायचं नाही, हा नियम मात्र वकिलाविना पाळता येतो.

त्या कंपनीने पाठवलेल्या करारावर अजून सही केली नसशील अशी आशा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला तुझा वाटा तुला स्वतःलाही कंपनीला बहाल करता येत नाही. कुणी ‘सगळे हक्क एकरकमी’ म्हणालं तर हे कलम पुढे कर. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो. पण मूळ ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं राहणार, ते करारावर ठरतं, आणि तिथेच खरी मेख असते. उद्या एखाद्या गाण्यावर ओरड झाली आणि मालक कंपनी असेल, तर ती एका क्लिकसरशी गाणं उतरवेल. तुला विचारणारही नाही.

रविवारी सकाळी ये. पोहे-जिलबी मी आणून ठेवतो. करार आण, आणि नवा अंतराही आण. पाठ म्हणून दाखवू नकोस, कागदावर हवा. मला पेन्सिल चालवायची आहे.

तुझा,
काका