रेल्वेत नवीन लागणाऱ्यांनी पगार किती धरावा

तू विचारलंयस की अमेरिकेत मालगाडीवर कंडक्टरची ऑफर आलीय, रिक्रूटरने वर्षाचा मोठा आकडा सांगितलाय, तर त्यावर घराचं लोन काढू का. नको काढूस अजून. आकडा खोटा नसतो, पण तो पूर्ण रेटवर आलेल्या, वर्षभर अखंड काम मिळालेल्या माणसाचा असतो, नवीन पोराचा नाही.

मी २०१४ ला नेब्रास्कात लागलो. आधी काही महिने ट्रेनिंग, तेव्हा ठरलेला ट्रेनी पगार, बस. मग मार्क अप झालास (ट्रेनिंग संपून कामाला मोकळा झालास) की सीनिऑरिटी लिस्टमध्ये सगळ्यात खाली तू, म्हणजे एक्स्ट्रा बोर्ड, ठरलेली गाडी नाही, जिथं माणूस कमी पडेल तिथं फोन आला की जायचं. बऱ्याच करारांत नवीन माणसाला ७५-८० टक्के रेटपासून सुरुवात असते आणि दरवर्षी ५ टक्के वाढतात, तुझ्या करारात कसं आहे ते युनियनच्या लोकल चेअरमनला विचार, रिक्रूटरला नको. राष्ट्रीय करारात २०२० ते २०२४ ची मिळून २४ टक्के पगारवाढ झाली ती चांगलीच होती, पण नवीन माणसाला तीसुद्धा त्याच्या टक्क्यातच मिळते.

एक्स्ट्रा बोर्डाला गॅरंटी असते, म्हणजे काम कमी मिळालं तरी ठरलेला किमान पगार, तोच तुझा खरा पगार धर. आणि ती पण सांभाळावी लागते. माझ्या पोरीला ताप होता म्हणून मी एक दिवस ले ऑफ केलं (सुट्टी टाकली), तर त्या हाफची गॅरंटी गेली (पगार महिन्यातून दोनदा, त्याला हाफ म्हणतात), चेक बघून बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. रात्री १:४० ला फोन येणार, दीड-दोन तासांत यार्डात हजर, कायद्याने १२ तासांपर्यंत ड्युटी, मग परगावच्या हॉटेलात जाड पडदा ओढून भर दिवसा झोपायचं, आणि तिथं बऱ्याच करारांत १६ तास झाल्यावरच हेल्ड-अवेचे (घरापासून लांब थांबवून ठेवल्याचे) पैसे सुरू होतात. पंधराव्या तासाला कॉल आलाय असं माझं कितीदा झालंय.

कापाकापी पण समजून घे. सोशल सिक्युरिटीऐवजी (बाकीच्यांच्या सरकारी पेन्शनऐवजी) रेल्वे रिटायरमेंट असतं, टिअर वन (सोशल सिक्युरिटीसारखा भाग) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) मिळून ७.६५ टक्के, वर टिअर टू (रेल्वेची जादा पेन्शन) चे ४.९. म्हणजे ३००० डॉलरच्या हाफमधून ३७६ डॉलर इथेच गेले, टॅक्स आणि युनियनची वर्गणी वेगळीच. पण हे पैसे वाया जात नाहीत हे मनापासून सांगतो, ३० वर्षं सर्व्हिस झाली की ६० व्या वर्षी पूर्ण पेन्शन, अशी सोय बाहेर फार कमी ठिकाणी राहिलीय.

आता फर्लो, म्हणजे काम कमी झालं की कंपनी बिनपगारी घरी बसवते ते. २०१६ ला वायोमिंगच्या कोळशाच्या गाड्या धडाधड कमी झाल्या आणि मी सात महिने घरी बसलो, बेकारी भत्ता रेल्वे रिटायरमेंट बोर्डाकडून मिळाला पण त्यात भाडं आणि किराणा एवढंच भागलं, गाडीचा हप्ता भावाने भरला. परत बोलावलं तेव्हा सीनिऑरिटी तशीच होती.

म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत भाड्यानेच राहा. आणि सही करायच्या आधी एवढं विचारच, त्या टर्मिनलवर सध्या किती जण फर्लोवर आहेत, आणि रेग्युलर पूलमध्ये (एक्स्ट्रा बोर्डाच्या वरची, आळीपाळीने गाड्या मिळणारी कायमची जागा) बसलेला सगळ्यात ज्युनियर माणूस कुठल्या साली लागलेला आहे. तो दहा वर्षांपूर्वीचा निघाला तर एक्स्ट्रा बोर्डावर तुला किती वर्षं काढायचीत ते तुझं तुला कळेल.