जंपर उलटा लागलाय, टर्बोला का धरतोस?

अरे, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायला गेलास, जंपर केबलचे प्लस-मायनस उलटे लागले, आता गाडी सुरू होत नाही आणि तू टर्बोवर संशय घेतोयस, असंच ना? घाईत जंपर उलटा लावणारा तू पहिला नाहीस. ऐरोलीच्या पार्किंगमध्ये मीही हेच केलंय. मोठी ठिणगी उडाली आणि डॅशबोर्ड ठार गप्प.

टर्बो आधी डोक्यातून काढ. इंजिनात जास्त हवा कोंबणारा हा पंखा एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या, जोरावर फिरतो, स्टार्टर मारताना त्याचा काही हातभार नसतो. 'टर्बो उतरवून बघू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाज आणि वाटेला लाव.

मल्टिमीटर काढ. चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, स्टार्टर फिरताना साडेनऊच्या फार खाली जायला नको. मग बॅटरीजवळचा मेन फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघू नकोस, दोन्ही टोकांना व्होल्टेज मोज. माझा वरून ठणठणीत दिसत होता, आत केसाएवढी चीर होती. अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोडही, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, अशा उलट्या करंटने जातात.

फ्यूज बदलला, इंजिन फिरतंय पण पेटत नाही, असं असेल तर सेन्सरना वीज देणारी ५ व्होल्टची लाइन मोज. शून्याजवळ असेल तर इग्निशन बंद करून एकेक सेन्सर सोडव, पुन्हा चालू करून मोज. बूस्ट प्रेशरचा (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब मोजणारा) सेन्सरही विसरू नकोस. ज्याचं सॉकेट काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तोच चोर. बिघाड वाचणारा स्कॅनर ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलतच नसेल तर आधी ईसीयूचे सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरी बघ, लगेच नवा ईसीयू मागवू नकोस.

आणि फ्यूज पुन्हा उडाला तर त्याहून मोठा टाकू नकोस, वायरिंग जळेल.